रक्ताची गुठळी रोखणारे इंजेक्शन घरी देताना: डिस्चार्जच्या दिवसापासून शेवटच्या सिरिंजपर्यंत

खुब्याचा सांधा बदललेला रुग्ण घरी येतो, तेव्हा सामानात वॉकर, कमोडची उंच खुर्ची आणि गोळ्यांच्या पट्ट्या यांच्याबरोबर भरलेल्या सिरिंजचे काही लांबट खोके असतात. डिस्चार्ज कार्डावर त्यांच्याविषयी एकच ओळ असते: एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, त्वचेखाली. सिस्टर एकदा करून दाखवतात, आपण मान डोलावतो आणि त्याच संध्याकाळी ते काम घरच्या पलंगावर आपल्याला एकट्याने करायचे असते. माझ्या सासूबाईंच्या वेळी पहिल्या संध्याकाळी मी सिरिंज उभी धरली, लहानपणापासून कंपाउंडरला करताना पाहिले होते तशी नखाने टिचकी मारली आणि हवेचा बुडबुडा बाहेर काढला. त्याच्याबरोबर औषधाचे दोन थेंबही चादरीवर पडले. तो बुडबुडा काढायचाच नसतो, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळले.

पुढचे ३५ दिवस हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की सुई टोचणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे आणि तो दोन-तीन दिवसांत हाताला बसतो. गंभीर चुका होतात त्या सुईच्या आजूबाजूला: मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत, शेजाऱ्याने दिलेली वेदनाशामक गोळी, दोघांनी न बोलता दिलेला एकच डोस, कोणालाच ठाऊक नसलेली बंद करण्याची तारीख. म्हणून या लेखात टोचण्याच्या कृतीइतकीच जागा त्या गोष्टींना दिली आहे. डॉक्टरांनी तुमच्या रुग्णासाठी काही वेगळे सांगितले असेल, तर अर्थातच त्यांचेच ऐकावे.

हे औषध काय करते

आपण बोलताना 'रक्त पातळ करणारे इंजेक्शन' म्हणतो, पण त्याने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचे एक प्रथिन असते आणि ते गुठळी होण्याच्या प्रक्रियेला लगाम घालत असते. हेपरिन आणि त्याच्यापासून केलेली एनॉक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन ही औषधे त्या प्रथिनाची ताकद अनेक पटींनी वाढवतात. आधीच झालेली गुठळी ती विरघळवत नाहीत. ती वाढू नये आणि नवी होऊ नये एवढेच काम ती करतात, आणि जुनी गुठळी शरीर स्वतः हळूहळू साफ करते. हा फरक समजला की रोजचा डोस चुकवून का चालत नाही, तेही समजते.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायातील शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका टाके निघाल्यावर संपत नाही, तो काही आठवडे टिकतो. म्हणूनच अशा रुग्णांना हे इंजेक्शन ३५ दिवसांपर्यंत, तर पोटातील कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा २८ दिवस दिले जाते. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेलीच असेल तर मात्रा मोठी असते आणि ती वजनावर ठरते. सामान्यतः ती दर किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा अशी असते. प्रतिबंधाची मात्रा आणि उपचाराची मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आमच्या काकांना ४० होते, यांना ६० का?' असा प्रश्न मनात आला, तर तो डॉक्टरांनाच विचारावा. उत्तर स्वतः शोधून मात्रा बदलू नये.

एक गोष्ट काही घरांत आधीच बोलायला हवी. एनॉक्सापॅरिन हे डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून मिळणाऱ्या हेपरिनपासून तयार होते. धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे हे कोणाला अडचणीचे वाटत असेल, तर उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगावे. फोंडापॅरिनक्ससारखे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेले औषधही उपलब्ध आहे आणि ते त्या रुग्णाला चालेल की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. मधूनच, मनात अपराधीपणा ठेवून, न सांगता इंजेक्शन बंद करणे ही मात्र धोक्याची वाट आहे.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची, विम्याची आणि गाडीची धावपळ असते. तरीही फाईल हातात घेऊन दहा मिनिटे सिस्टरांपाशी बसावे आणि काही गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात. औषधाचे मूळ नाव काय, एका वेळी किती मिलिग्रॅम, ते किती मिलिलिटर भरतात, दिवसातून किती वेळा, शेवटचा डोस दवाखान्यात किती वाजता दिला आणि घरचा पहिला किती वाजता द्यायचा. शेवटचा मुद्दा सर्वाधिक विसरला जातो. दवाखान्यात दुपारी दिलेले असते, घरी कोणी 'आजचे राहिले' म्हणून रात्री पुन्हा देतो.

मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्याकडे नीट पाहावे. आपल्याकडे मिळणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजमध्ये सहसा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणून ४० मिलिग्रॅम म्हणजे ०.४ मिलिलिटर आणि ६० मिलिग्रॅम म्हणजे ०.६ मिलिलिटर. खोक्यावर हे दोन्ही आकडे छापलेले असतात. मेडिकलमध्ये ४० ऐवजी ६० ची सिरिंज मिळाली, तर 'थोडे कमी देऊ' असा हिशेब घरी करू नये. ४० च्या पुष्कळ सिरिंजवर मोजमापाच्या खुणाही नसतात, त्यामुळे त्यातून अर्धे औषध देणे म्हणजे निव्वळ अंदाज. खरोखरच सिरिंजमधील काही भाग द्यायचा असेल, तर तो कोणत्या खुणेपर्यंत हे सिस्टरांनी प्रत्यक्ष सिरिंजवर दाखवले पाहिजे. हेपरिन, एनॉक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन, फोंडापॅरिनक्स ही नावे एकमेकांच्या जवळची वाटली, तरी एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही. कंपनी बदलून मिळाली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे; मूळ औषधच बदलून मिळाले तर खोका परत करावा.

याच भेटीत डॉक्टरांना आणखी काही सांगायचे असते. मूत्रपिंड कमजोर आहे का, ते आधी सांगावे, कारण एनॉक्सापॅरिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) वाढलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते. वजन कमी असलेल्या रुग्णांत, विशेषतः ४५ किलोपेक्षा हलक्या स्त्रिया आणि ५७ किलोपेक्षा हलके पुरुष यांच्यात, नेहमीच्या मात्रेनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या घरांतील सत्तरी-पंचाहत्तरीच्या कृश आजी याच गटात येतात, म्हणून वजन अंदाजे सांगू नये, काट्यावर मोजावे. पूर्वी पोटात अल्सर, मेंदूत रक्तस्राव किंवा हेपरिनमुळे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घटल्याचा इतिहास असेल, तर तो कितीही जुना असला तरी सांगावा.

शेवटचा प्रश्न: बंद कधी करायचे? उत्तर तारखेच्या रूपात घ्यावे. 'पाच आठवडे' नको, 'अमुक तारखेचा डोस शेवटचा' असे हवे. ती तारीख मी फाईलच्या वरच्या पानावर लाल पेनाने लिहिली होती.

खोका घरी आल्यावर

सर्व सिरिंज मोजाव्यात, कालबाह्यतेची तारीख पाहावी आणि प्रत्येकातील द्रव पारदर्शक आहे ना, हे उजेडात धरून तपासावे. रंगहीन किंवा फिकट पिवळसर द्रव ठीक असतो. गढूळ झालेला, कण दिसणारा किंवा टोपण निघालेली सिरिंज बाजूला ठेवावी. किमान तीन-चार दिवसांचा साठा जवळ असावा, कारण सणासुदीला मेडिकल बंद असते आणि लहान गावात हे औषध मागवून घ्यावे लागते.

ही सिरिंज २५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावी, असे बहुतेक खोक्यांवर छापलेले असते आणि गोठू द्यायची नसते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात ही सूचना पाळणे सोपे नाही. घरातील सर्वांत थंड खोलीत, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब, बंद कपाटात खोका ठेवावा. उन्हाळा फारच कडक असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवू का, हे औषध देणाऱ्या फार्मासिस्टला त्या कंपनीच्या सूचना पाहून सांगायला लावावे. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून कधीच ठेवू नये. दवाखान्यातून येताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पिशवी विसरू नये. घरात लहान मूल असेल तर कपाटाला कुलूप हवे.

टोचण्याची कृती

वेळ ठरलेली असावी. दिवसातून एकदा असेल तर दर २४ तासांनी, दोनदा असेल तर १२ तासांच्या अंतराने. आमच्याकडे संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की खोका बाहेर यायचा.

हात साबणाने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. रुग्णाला पलंगावर उशांना टेकवून, अर्धवट आडवे करावे, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात आणि त्वचेची घडी सहज चिमटीत येते. जागा निवडायची ती पोटाच्या डाव्या किंवा उजव्या बगलेकडच्या भागात, बेंबीपासून किमान ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे दूर. शस्त्रक्रियेचा व्रण, तीळ, काळानिळा डाग, स्ट्रेच मार्क किंवा साडी-परकराची नाडी आवळते तो पट्टा टाळावा. आज डावी बाजू, उद्या उजवी, आणि त्याच बाजूला परत येताना मागच्या जागेपासून निदान दोन बोटे सरकून.

निवडलेली जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवर टोचले तर चरचरते आणि रुग्ण नेमका त्याच क्षणी हलतो. मग सुईचे टोपण सरळ ओढून काढावे. पिळून काढल्यास सुई वाकते. सुईच्या टोकावर थेंब आला असेल तर सुई खाली करून तो हलकेच झटकावा, कापसाने पुसू नये. तो थेंब त्वचेच्या वरच्या थरात गेला की डाग पडतो.

बुडबुडा मात्र तसाच राहू द्यावा. भरलेल्या सिरिंजमध्ये तो मुद्दाम ठेवलेला असतो. सिरिंज खाली तोंड करून टोचताना तो दट्ट्याच्या बाजूला वर राहतो आणि औषधाचा शेवटचा अंशही सुईतून पुढे ढकलतो. त्वचेखाली गेलेल्या एवढ्याशा हवेने काही होत नाही. शिरेत हवा जाण्याची भीती इथे लागूच पडत नाही, कारण हे इंजेक्शन शिरेत नव्हे, चरबीच्या थरात जाते.

आता एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्वचेची चांगली जाड घडी उचलावी. दुसऱ्या हातात सिरिंज पेनासारखी धरून त्या घडीत सरळ, काटकोनात, पूर्ण सुई आत जाईपर्यंत घालावी. इथे बहुतेक जण कचरतात आणि सुई तिरकी किंवा अर्धवटच घालतात, आणि मग औषध वरवर राहून जास्त दुखते. सुई गेल्यावर रक्त येते का हे पाहण्यासाठी दट्ट्या मागे ओढू नये. दट्ट्या सावकाश, पूर्ण खाली दाबावा. मनात तीसपर्यंत मोजत दाबल्यास आग कमी होते आणि डागही लहान पडतो. औषध पूर्ण गेल्यावर दहापर्यंत मोजावे आणि सुई ज्या दिशेने घातली त्याच दिशेने सरळ बाहेर काढावी. घडी अगदी शेवटी, सुई बाहेर आल्यावरच सोडावी.

काही सिरिंजना सुरक्षा-आवरण असते. सुई बाहेर आल्यावर, तिचे तोंड स्वतःपासून आणि रुग्णापासून दूर करून, दट्ट्या जोराने शेवटपर्यंत दाबला की 'टक्' आवाज होऊन सुई झाकली जाते. हे आवरण सुई त्वचेत असताना कधीही सोडू नये. आवरण नसेल तर टोपण पुन्हा बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण बोटाला सुई लागते ती याच वेळी.

जागेवर कोरडा कापूस हलका दाबून धरावा. चोळू नये. हे वाक्य लिहून पलंगाजवळ लावावे असे मला वाटते, कारण घरात कोणी ना कोणी प्रेमाने 'चोळ जरा, गाठ बसेल' म्हणतेच. चोळल्याने, गरम शेक दिल्याने किंवा बाम लावल्याने तिथले रक्त पसरते आणि तळहाताएवढा डाग पडतो. थेंबभर रक्त आले तर पाच मिनिटे दाबून धरणे पुरते.

सासूबाईंच्या पोटावर दहाव्या दिवशी जांभळे, हिरवट, पिवळे असे सगळ्या वयाचे डाग होते. रुपयाच्या नाण्याएवढे डाग नेहमीचेच असतात आणि दोन आठवड्यांत विरतात. डाग रोज मोठा होत असेल, कडक व दुखरी गाठ झाली असेल, त्वचा काळी पडत असेल किंवा पू दिसत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. नक्की मोठा होतो आहे का, हे ठरवण्यासाठी डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी रेघ सांगते.

शंभर पानी वही

एका वहीत तारीख, वेळ, बाजू, देणाऱ्याचे नाव आणि उरलेल्या सिरिंजची संख्या एवढ्या पाच गोष्टी रोज लिहाव्यात. टोचल्यावर लगेच, हात धुण्यापूर्वीच लिहावे. एकाहून अधिक माणसे काळजी घेत असतील, तर ही वही म्हणजे डोस दिल्याचा एकमेव पुरावा असतो. आमच्याकडे एकदा माझे यजमान लवकर घरी आले आणि त्यांनी इंजेक्शन देऊन टाकले. मी सात वाजता खोका काढला, तर सासूबाई झोपेत होत्या. वहीत नोंद नव्हती, पण आदल्या दिवशीचा उरलेल्या सिरिंजचा आकडा आणि खोक्यातील सिरिंज जुळल्या नाहीत, म्हणून दुसरा डोस टळला. त्या दिवसानंतर सासूबाई स्वतःच विचारू लागल्या, "अगं, लिहिलंस का? आज उजवीकडे ना?"

याच वहीत रक्ततपासणीच्या तारखा लिहाव्यात. हेपरिनच्या गटातील औषधांनी क्वचित प्लेटलेट झपाट्याने घटतात आणि विचित्र म्हणजे त्यातून रक्तस्रावापेक्षा नव्या गुठळ्याच होतात. हे बहुधा औषध सुरू झाल्यापासून पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान घडते, म्हणजे रुग्ण घरी आल्यावर. त्यामुळे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, कधी करायची, हे डिस्चार्जपूर्वीच विचारून ठेवावे आणि आलेला प्लेटलेटचा आकडा पहिल्या आकड्याशी ताडून डॉक्टरांना कळवावा. पावसाळ्यात डेंग्यूनेही प्लेटलेट उतरतात. इंजेक्शन चालू असताना ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून दोन दिवस वाट पाहू नये. तसेच जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि औषध शरीरात साठते. अशा वेळी पुढचा डोस देण्यापूर्वी फोन करावा.

डोस विसरला आणि त्याच दिवशी आठवले, तर दिवसातून एकदाच्या रुग्णाला तो लगेच द्यावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेवर यावे. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल किंवा इंजेक्शन दिवसातून दोनदा असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. भरपाई म्हणून दोन सिरिंज एकदम कधीही देऊ नयेत. चुकून दोन गेल्याच, तर रक्त दिसण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करावा. प्रोटामिन नावाचा उतारा एनॉक्सापॅरिनचा परिणाम काही अंशीच उलटवू शकतो, तोही दवाखान्यातच.

बाकीच्या गोळ्या, काढे आणि पालेभाज्या

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. शस्त्रक्रियेनंतर दुखते, आणि आपल्या प्रत्येक घरात औषधांच्या डब्यात काही गोळ्या कायम असतात. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असते, व्होवेरान म्हणजे डायक्लोफिनॅक, डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ही तिन्ही औषधे प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि जठराचे अस्तर दुखावतात. एनॉक्सापॅरिनबरोबर ती घेतल्यास पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. साध्या दुखण्याला आणि तापाला सहसा पॅरासिटामॉल दिले जाते, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. हृदयासाठी इकोस्प्रिन (म्हणजे कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन) किंवा प्लेटलेट रोखणारे क्लोपिडोग्रेल आधीपासून चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंदही करू नये आणि न सांगता चालूही ठेवू नये. हृदयाचे आणि शस्त्रक्रिया करणारे, अशा दोन्ही डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे.

आयुर्वेदिक काढे, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, गुडघ्यासाठी मागवलेली अनोळखी चूर्णे यांची यादी संकोच न करता दाखवावी. फोडणीतल्या लसणाबद्दल किंवा आमटीतल्या हळदीबद्दल मी बोलत नाही. प्रश्न एकवटलेल्या मात्रेचा आहे.

पालेभाज्यांविषयी मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. 'रक्त पातळ करायचे औषध चालू आहे, पालक-मेथी बंद' असे अनेक घरांत लगेच सुरू होते. हा नियम वॉरफॅरिन आणि असिनोकुमॅरॉल, म्हणजे अ‍ॅसिट्रॉमसारख्या गोळ्यांसाठी आहे, कारण त्या क जीवनसत्त्वाच्या नव्हे तर 'के' जीवनसत्त्वाच्या मार्गाने काम करतात, आणि पालेभाज्यांत ते भरपूर असते. त्यांच्यासाठीसुद्धा सूचना भाजी बंद करण्याची नसून रोजचे प्रमाण सारखे ठेवण्याची आहे. एनॉक्सापॅरिनचा पालेभाजीशी संबंध नाही, आणि त्याची मात्रा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) पाहून ठरत नाही. शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची मेथीची भाजी उगाच तोडू नये.

काही रुग्णांना इंजेक्शन आणि वॉरफॅरिनसारखी गोळी दोन्ही एकदम दिली जातात. गोळीचा परिणाम यायला दिवस लागतात, म्हणून निदान पाच दिवस आणि आयएनआर ठरलेल्या पातळीवर स्थिरावेपर्यंत दोन्ही चालतात. तो आच्छादनाचा काळ मुद्दाम ठेवलेला असतो. याउलट अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा डाबिगाट्रान यांसारखी गुठळी रोखणारी नव्या प्रकारची गोळी सुरू करायची असेल, तर सहसा इंजेक्शन थांबवून तिच्या जागी ती देतात. तुमचा रुग्ण कोणत्या प्रकारात बसतो, कोणत्या दिवशी कोणती सिरिंज शेवटची आणि कोणती गोळी पहिली, हे लेखी हवे.

या काळात दात काढणे, स्नायूत दिले जाणारे कोणतेही इंजेक्शन किंवा पाठीच्या मणक्यात भूल या गोष्टी सांगितल्याशिवाय होऊ देऊ नयेत. लहानशी जखम झाली की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन दंडात दिले जाते. तिथेही 'एनॉक्सापॅरिन चालू आहे' हे टोचण्याच्या आधी सांगावे. दाढीला विजेचे यंत्र आणि दातांना मऊ ब्रश बरा.

गरोदर आणि बाळंतीण

गरोदरपणात गुठळीचा धोका वाढतो आणि काही स्त्रियांना हे इंजेक्शन पूर्ण नऊ महिने व बाळंतपणानंतर सहा आठवडे घ्यावे लागते. औषध वारेतून बाळापर्यंत जात नाही, आणि ते चालू असताना अंगावर पाजता येते. पोट मोठे झाले तरी बगलेकडे जिथे घडी उचलता येते तिथे, किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास मांडीच्या बाहेरच्या भागात टोचता येते. कळा सुरू झाल्यासारखे वाटले, पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर पुढचे इंजेक्शन न घेता आधी दवाखान्यात फोन करावा, कारण पाठीत भूल देण्यापूर्वी प्रतिबंधाच्या मात्रेनंतर साधारण १२ तास आणि उपचाराच्या मात्रेनंतर २४ तास जावे लागतात. शेवटची सुई किती वाजता घेतली, हे तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे.

बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईंनाही एक गोष्ट सांगून ठेवावी. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा गरम लागली, तर त्या पायाला हात लावायचा नाही. ती गुठळी असू शकते आणि चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तो पाय तेलाने नव्हे, डॉप्लर सोनोग्राफीने (शिरेतील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) तपासायचा असतो.

फोन कधी, रुग्णवाहिका कधी

हिरड्यांतून किंचित रक्त येणे, नाकातून रक्ताची धार लागून दहा-पंधरा मिनिटांत थांबणे, लघवी गुलाबी दिसणे, पाळीत नेहमीपेक्षा जास्त जाणे, अंगावर कारण नसताना डाग उठणे, या गोष्टी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायच्या आहेत. नाकातून रक्त आल्यास रुग्णाला बसवून पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा. डोके मागे टाकू नये.

पुढील लक्षणांना फोनवर बोलत बसू नये. डांबरासारखी काळी, चिकट शौच. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. न थांबणारा रक्तस्राव. अचानक आलेली तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे. छातीत दुखणे, दम लागणे, खोकल्यातून रक्त. पाठीत भूल दिलेल्या रुग्णाच्या पायांत नव्याने बधिरपणा किंवा लुळेपणा आला, लघवी तुंबली, तर मणक्यात रक्त साकळत असण्याची शक्यता असते आणि तिथे तास मोजून उपचार करावे लागतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

आणि पडणे. न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले, तर 'काही झाले नाही, मी ठीक आहे' असे रुग्णाने कितीही सांगितले तरी दवाखान्यात न्यावे. डोक्यातील रक्तस्राव काही तासांनी लक्षणे दाखवतो. न्हाणीघरात रबरी चटई आणि रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर बारीक दिवा, हेही या औषधाच्या काळजीतच मोडते.

वापरलेल्या सुया

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातील वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई दुसऱ्या दिवशी कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटात जाते, आणि ती कोणाची होती हे त्यांना कधीच कळत नाही. त्यांच्या वाट्याला मग महिनोन्महिने रक्ततपासण्या आणि चिंता येते. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकणे हाही उपाय नाही.

फिनेलचा किंवा कपडे धुण्याच्या द्रवाचा जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा डबा घ्यावा. पातळ पाण्याची बाटली चालत नाही, सुई आरपार जाते. त्यावर 'वापरलेल्या सुया, उघडू नये' असे ठळक लिहावे आणि तो टोचण्याच्या जागेजवळच, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. सिरिंज त्वचेतून निघाली की थेट त्यात, सुई वाकवायची किंवा मोडायची नाही. पाऊण डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करावे. शस्त्रक्रिया झालेला दवाखाना, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पॅथॉलॉजी लॅब यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा वेगळा गोळा करण्याची सोय असते. पुढच्या तपासणीला जाताना डबा बरोबर न्यावा आणि तो घेतील का, हे आधी फोन करून विचारावे.

सासूबाईंचे इंजेक्शन संपले तेव्हा खोक्यात दोन सिरिंज उरल्या होत्या, कारण सुरुवातीचे दोन डोस दवाखान्यातच झाले होते. शेजारच्या काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते आणि त्या त्यांना देऊन टाकाव्यात असे त्यांच्या मुलाने सुचवले. काकांचे क्रिएटिनिन किती, वजन किती, त्यांच्या डॉक्टरांनी कोणते औषध लिहिले आहे, यातले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. त्या दोन सिरिंज मी न उघडता डब्याबरोबर दवाखान्यात परत केल्या आणि त्यांच्या मुलाला वहीची एक कोरी प्रत आखून दिली: तारीख, वेळ, बाजू, कोणी दिले, किती उरल्या.